काट्यावरचा आकडा कोणाचा?

ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या वॉर्डात सगळ्यांत साधं दिसणारं काम सगळ्यांत जास्त वाद लावतं. ते म्हणजे पेशंटचं वजन करणं. नाडी कशी मोजायची, ताप कधी बघायचा यावरून दोन सिस्टरांत कधी तट पडत नाहीत, वजनावरून पडतात. एक गट म्हणतो, आकडा पेशंटच्या नजरेला पडू देऊ नका. दुसरा म्हणतो, तिच्यासमोर वजन करा, तिला वाचू द्या आणि त्यावर तिच्याशी बोला.

आजार थोडक्यात असा : जेवण तोडत जाणं, वजन वाढण्याची अनावर धास्ती, आणि अंगाची काटकी झाली तरी आरशात जाडच दिसणं. मुलींत जास्त, पण मुलग्यांतही होतो. 36 अभ्यास एकत्र करून 2011 साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट निघाला, आणि दर पाच मृत्यूंतला एक आत्महत्येचा होता. तेव्हा हे भांडण हौसेचं नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे. आत्या महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. भाची इंग्लंडमध्ये खाण्याच्या विकारांच्या वॉर्डात नर्स. दोघी काल्पनिक, मुद्दे मात्र या कामातल्या माणसांचे. आणि एक आधीच सांगून ठेवतो : या लेखात कुणाचं नीचांकी वजन, कॅलरीचा हिशेब किंवा काटा फसवण्याच्या युक्त्यांची यादी मिळणार नाही. या आजारातली मुलगी असं लिखाण स्पर्धेच्या नजरेनं वाचते.

आत्या : तुमच्याकडे मुलीला आकडा दाखवतात म्हणे?

भाची : दाखवतात. आठवड्यातून दोनदा. सकाळी, नाश्त्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये, अनवाणी. काटा तोच, जागा तीच, जमलं तर सिस्टरही तीच. आकडा दोघी मिळून वाचतो. आलेखावर टिंब ती स्वतः टाकते.

आत्या : आणि मग दिवसभर तोंडात घास घेत नाही.

भाची : होतं तसं कधी कधी.

आत्या : कधी कधी नाही गं, हमखास होतं. आमच्याकडे असल्या मुली फार नाही आल्या, पण ज्या आल्या त्या अजून डोळ्यांपुढे आहेत. हातापायांवर कोवळी लव आलेली, बोटं निळसर, भर मे महिन्यात स्वेटर. त्यांना आम्ही काट्याकडे पाठ करून उभं करायचो. आकडा केसपेपरवर जायचा, डॉक्टरांना कळायचा, आईला कळायचा. मुलीला नाही. अर्धा किलो वाढलं हे कानावर गेलं की दुपारचं ताट जसंच्या तसं परत. मग कशाला सांगायचं? ज्याची भीती वाटते ते तोंडासमोर धरायचं, ही कुठली शुश्रूषा?

भाची : पाठ करून उभी असताना ती काय करत असायची?

आत्या : करायचीय काय? भिंत बघायची.

भाची : ऐकत असायची, आत्या. मागे पेन कागदावर किती वेळ घासतंय ते. उतरली की पहिल्यांदा तुझ्या तोंडाकडे बघायची. तू ‘चला, छान’ म्हणालीस म्हणजे वाढलं. काहीच बोलली नाहीस म्हणजे खूप वाढलं, म्हणून लपवतेय. आमच्याकडे काही जणींचा आकडा झाकतो ना आम्हीही, तेव्हा हेच चालतं. एक जण बाहेर येते, दुसरी तिला विचारते, सिस्टरचा चेहरा कसा होता? आकडा झाकला म्हणून डोक्यातला आकडा थांबत नाही. ती स्वतःचा एक तयार करते, आणि तो खऱ्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

इथं मध्ये पडून सांगायला हवं की जगभरातही या बाबतीत एकमत नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पाठ करून वजन करण्याची रीत बरीच रुळलेली आहे. इंग्लंडमध्ये ‘नाईस’ या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांचा कल मोकळेपणाकडे आहे : वजन पेशंटला, आणि योग्य असेल तिथं घरच्यांना, सांगण्याचा विचार करावा, असं त्या म्हणतात. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारांसाठी विकसित केलेल्या बोधात्मक-वर्तनोपचारात तर आठवड्यातून एकदा, उपचारकाच्या सोबतीनं वजन करणं हा उपचाराचाच भाग आहे. मधल्या दिवसांत घरी काट्यावर चढायचं नाही. कारण पेशंट दोन टोकांच्या असतात. एक दिवसातून दहादा वजन करणारी, दुसरी वर्षभर काट्याच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. आठवड्यातून एकदा हा नियम पहिलीला आवर घालतो आणि दुसरीला धीर देतो.

भाची : तू अंगणवाडीत पोरांची वजनं बघायला जायचीस ना? तिथं काय करायचीस? आईला तक्ता दाखवायचीस. इथं रेघ खाली आलीय, इथं वर गेलीय. आईपासून लपवायचीस का?

आत्या : काहीतरीच! ते पोर उपाशी आहे कारण घरात नाही, नाहीतर दुखण्यातून उठलंय. रेघ वर गेली की आई हसते. इथं रेघ वर गेली की पोरगी रडते. एकाच मापानं दोघींना मोजतेस?

भाची : बरं, हे मान्य. तुलना जमली नाही.

आत्या : आणि दुसरं. उपाशी डोकं ठिकाणावर नसतं. त्याला आलेख समजावून सांगून काय उपयोग? आधी पोटात अन्न जाऊ दे, मग शहाणपण.

भाची : यावर तर पुरावाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी प्रयोग केला होता. 36 धडधाकट तरुण, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वतःहून तयार झालेले. 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्श्यानं उतरलं. आठवड्याला किती उतरतंय ते बघून त्यांचं खाणं कमीजास्त करायचे. आणि ही माणसं काय करायला लागली माहितेय? पाककृतींची पुस्तकं गोळा करत होती. एकेक जेवण रेंगाळत, चघळत लांबवत होती, ताटल्या चाटत होती. चिडचिडी झाली, माणसांपासून तुटली. यातल्या कुणालाही आधी जाडीची भीती नव्हती.

आत्या : बघ! माझंच म्हणणं तू सांगतेयस. अर्धं वेड उपासमारीचं असतं. ते उतरल्याशिवाय तिच्याशी आकड्यांची चर्चा म्हणजे तापात फणफणलेल्याला गणित घालणं.

भाची : वजन वाढल्याशिवाय बाकी काही सुधारत नाही, याबद्दल आपलं भांडणच नाही. मी म्हणते, ती वाढत असताना तिला आंधळी ठेवू नको.

आत्याचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो आणि भाचीनं तो फार भराभर उरकला. पहिल्या आठवड्यांत आकडा समजून घेण्याइतकं मन जागेवर नसतं, हे खरंच आहे. शिवाय त्या दिवसांतला आकडा स्वतःच बेभरवशाचा असतो. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात अन्न जाऊ लागलं की साठ्याची साखर आधी भरून येते आणि ती आपल्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवते. पायांवर सूज येऊ शकते. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरू शकतं आणि त्यातून हृदय बिघडू शकतं. म्हणून या दिवसांत रोज रक्त तपासतात आणि जेवण बेताबेतानं वाढवतात. वॉर्डात सर्वसाधारणपणे आठवड्याला अर्धा ते एक किलो वाढ धरलेली असते, पण सुरुवातीला पाण्यामुळेच काटा एकदम उडी मारू शकतो. मुलगी ती उडी बघते आणि तिला वाटतं, सांगत होते ना मी, जेवले की अशी फुगत जाणार.

आत्या : आणि फसवाफसवी? ती कशी रोखता तुम्ही? आमच्याकडे एकीनं काट्यावर चढायच्या आधी पोटभर पाणी प्यायलं. वजन छान आलं, आम्ही खूश. संध्याकाळी फिट आली. सोडियम तळाला गेलेलं. तेव्हापासून मी वजनाच्या आधी नळाशी माणूस उभा करायचे.

भाची : आमच्याकडेही होतं ते. म्हणून शंका आली की लघवी तपासतो, जास्त पातळ असली की कळतं. कधी न सांगता वेळ बदलून वजन करतो. पण नळाशी पहारा बसवून भागत नाही गं. ती पाणी का पिते ते बघ ना. आकडा गाठला तर घरी, नाही गाठला तर नाकातून नळी, असं सगळं एका आकड्याला टांगून ठेवलं, तर ती आकडाच आणून देणार. कसा का होईना.

आत्या : मग काय, बक्षीस नको? आम्ही सांगायचो, अर्धा किलो वाढलं की घरी फोन.

भाची : आणि वाढायचं?

आत्या : वाढायचं की! डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटून जायच्या.

भाची : आणि परत यायच्या.

आत्या : ...यायच्या.

हा प्रकार आत्याच्या वॉर्डापुरता नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य रुग्णालयांत ही पद्धत जोरात होती : सक्तीनं अंथरुणावर, आणि अंघोळ, फोन, भेटीगाठी, रेडिओ, सगळं किलोच्या मोबदल्यात. वजनं वाढायचीही झपाट्यानं. हिल्ड ब्रूख या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1974 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या पद्धतीच्या धोक्यांवर लिहिलं. आपल्या हातात काहीच नाही या भावनेतून मुलीनं जेवण हातात धरलेलं असतं; तेही हिसकावून घेतलं की ती खाते ते केवळ सुटका करून घेण्यासाठी, आणि बाहेर पडल्यावर जास्त खोल बुडते, हा त्यांचा रोख. आजही एखाद्या वॉर्डात वजनाच्या दिवसावर कैद्यांच्या हजेरीची कळा आली, तर समजावं की जुनी पद्धत नाव बदलून टिकून आहे.

पेशंटला गाऊन घालायला लावणं हे अशाच कात्रीतलं काम आहे. घरच्या कपड्यांवर वजन केलं तर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. गाऊन घालायला लावला तर झडती घेतल्यासारखं होतं. चांगली सिस्टर इथंच कळते. पडदा ओढलेला असतो, काट्यापाशी दुसरं कुणी घुटमळत नाही, फरशी गार म्हणून पायाखाली कागद असतो, आणि हे सगळं कशासाठी ते आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं. आकडा ती मोठ्यानं उच्चारत नाही. ‘शाब्बास’ नाही, ‘अरेरे’ नाही. काट्यावरून उतरल्यावर विचारते, रात्री झोप लागली का.

भाची : आता मला सांग, तू आकडा मुलीपासून लपवायचीस, पण आईला सांगायचीस ना?

आत्या : सांगावाच लागतो. आई चोवीस तास खाटेशी बसलेली. ती नसली तर भरवणार कोण? एका सिस्टरवर पन्नास पेशंट. तुमच्यासारखे दर खाटेला माणूस नसतो आमच्याकडे.

भाची : आणि आई कुणाला सांगायची?

आत्या : आता आई म्हटल्यावर... वडिलांना. मामाला. आजीला फोनवर. संध्याकाळी भेटायला काकू आली की दारातूनच, ‘अगंबाई, काय छान अंगाला लागलंय आता! गाल बघा कसे वर आलेत!’ झालं. दोन दिवस ताटाला हात नाही.

भाची : म्हणजे आकडा अख्ख्या खानदानाला ठाऊक. फक्त जिचं वजन, तिला नाही.

यावर आत्यानं उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं, वादाचं वजन इथंच एका बाजूला झुकलं. आकडा लपवल्यानं मुलीचं रक्षण होतं, हे गृहीत धरायला तो खरोखर लपलेला तरी हवा. आपल्या वॉर्डात तो लपत नाही. तो तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे फिरत राहतो.

कायद्याचंही एक कलम इथं लागू पडतं आणि फारच थोड्या वॉर्डांत त्याची आठवण असते. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 25 रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क देतं. एखादी माहिती रोखता येते. पण ती कळल्यानं रुग्णाला गंभीर मानसिक इजा होणार असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा संभव असेल, तरच. आणि रोखली, तर त्याविरुद्ध या कायद्याखालच्या मंडळाकडे अर्ज करता येतो हे रुग्णाला सांगावं लागतं. म्हणजे ‘आम्ही नेहमी पाठ करूनच उभं करतो’ हे पुरेसं कारण नाही. या मुलीच्या बाबतीत, या आठवड्यात, का रोखलं, हे कुणीतरी ठरवलेलं आणि लिहिलेलं असलं पाहिजे.

घरच्यांचं काय करायचं हा पेच आजाराइतकाच जुना आहे. 1873 मध्ये पॅरिसचे शार्ल लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांचं. लासेगनी घरातलं चित्र अचूक टिपलं आहे : घरच्यांकडे दोनच उपाय, विनवण्या आणि धमक्या, आणि दोन्ही संपेपर्यंत वापरले जातात. ‘माझ्यासाठी एक घास’ पासून ‘आता शाळा बंद’ पर्यंतचा आपल्या घरांतला प्रवास याहून वेगळा नाही. गल यांनी तर नातेवाईक हे सर्वांत वाईट शुश्रूषक, असा निकालच देऊन टाकला. गंमत म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्याच लंडनमध्ये मॉडस्ली रुग्णालयाच्या मंडळींनी याच्या उलट टोकाचा उपचार उभा केला. जेरल्ड रसेल आणि सहकाऱ्यांच्या 1987 च्या चाचणीत असं दिसलं की लहान वयात सुरू झालेल्या आणि फार न मुरलेल्या आजारात कुटुंबाला हाताशी धरून केलेला उपचार सरस ठरतो. पुढे त्यातून विकसित झालेल्या पद्धतीत प्रत्येक भेटीची सुरुवात वजनानं होते आणि आलेख मुलीसह सगळ्यांसमोर ठेवला जातो. आपल्याकडे आई खाटेशी असतेच. तिला फक्त निरोप्याच्या जागेवरून उठवून उपचाराच्या जागेवर बसवायचं आहे.

आत्या : बरं, दाखवला आकडा. पण तुझ्या त्या आकड्यावर तुझा तरी विश्वास आहे का? पाण्यानं वाढतो, सुजेनं वाढतो, पोट साफ नसलं तरी वाढतो.

भाची : एकट्या आकड्यावर नाहीच. म्हणून तर आलेख. एका टिंबावर बोलायचं नाही, तीन-चार आठवड्यांची चाल बघायची, हे आम्ही मुलीलाही शिकवतो. पाव किलो म्हणजे एक पेला पाणी, हे तिला एकदा पटलं की काट्याची अर्धी दहशत जाते. लपवलेल्या आकड्यातून हे कसं शिकवणार?

आत्या : आणि आम्ही बाकीचं बघायचो. जिना चढताना कठड्याला धरते का. आडवी असताना हात न टेकता उठून बसते का.

भाची : अगं, ती तर आता रीतसर चाचणी आहे! उताणं झोपून हात न वापरता उठून बसायचं, मग उकिडवं बसून हात न टेकता उभं राहायचं. स्नायूंत किती ताकद उरलीय ते कळतं. नाडी, बसल्या-उभ्याचा रक्तदाब, तापमान, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट आणि ही चाचणी, हे सगळं मिळून धोका ठरवायचा, असं रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सचं 2022 चं मार्गदर्शन आहे. वजन त्यातलं एक.

आत्या : आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दिसायचं.

भाची : आणि उलटंही असतं. मुळात चांगली भरलेली मुलगी चार महिन्यांत निम्मी झाली तर काट्यावर ती ‘नॉर्मल’ दिसते, पण नाडी मंदावलेली, पाळी गेलेली, उभी राहिली की घेरी. इंग्लंडमध्ये अशा मुलींना ‘अजून पुरेशी बारीक नाहीस’ म्हणून परत पाठवल्याच्या तक्रारी होत्या. होप व्हर्गो या आजारातून बाहेर आलेल्या तरुणीनं त्यावरून मोहीम चालवली, नावच ‘डम्प द स्केल्स’, काटे फेका. केवळ वजन-उंचीच्या गुणोत्तरावरून उपचार द्यायचा की नाही हे ठरवू नका, असं ‘नाईस’नं तर 2017 सालीच लिहून ठेवलंय.

आत्या : मग फेकाच की काटे.

भाची : मुळीच नाही. एव्हरिल हार्टचं प्रकरण तिथं अजून सगळ्यांना आठवतं. एकोणीस वर्षांची. हॉस्पिटलातून सुटून विद्यापीठात शिकायला गेली आणि 2012 च्या डिसेंबरात वारली. पाच वर्षांनी आरोग्यसेवेच्या लोकपालांचा अहवाल आला : योग्य काळजी घेतली असती तर हा मृत्यू टळला असता. धोक्याच्या खुणा होत्या, वेळेवर ओळखल्या गेल्या नाहीत. तेव्हा मोजणं सोडायचं नाही. मोजून झाल्यावर काय करायचं, भांडण त्याचं आहे.

आत्या : एक गोष्ट तुझ्या पुस्तकात नसेल. तुझ्याकडची मुलगी म्हणते, मी जाडी आहे. माझ्याकडच्या बऱ्याच जणी तसं म्हणायच्याच नाहीत. ‘गिळवत नाही’, ‘दोन घासांत पोट फुगतं’, ‘मळमळतं’. महिनोन् महिने पोटाच्या डॉक्टरांकडे, दुर्बिणी घालून झालेल्या, मग आमच्याकडे. आणि उपास! सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, वर नवरात्र. आई कौतुकानं सांगणार, फार देवभोळी हो आमची. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणारी नव्हे, तांब्याभर पाण्यावर राहणारी. तिला तुझा आकडा दाखवून काय साधणार? तिचं भांडण आकड्याशी नाहीच.

भाची : हे मात्र खरं. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं, तिथल्या अनेक रुग्णांत जाडीची भीती दिसत नाही म्हणून. आमच्या वॉर्डात आशियाई घरातली मुलगी आली की आम्ही चुकतो इथं. तिला ‘तुला जाड व्हायची भीती वाटते ना’ असं विचारून विचारून ती भीती शिकवतो.

आत्या : म्हणून म्हणते, सगळ्यांना एक नियम लावू नका.

भाची : नको लावायला. पण मग लपवायचाही सरसकट नियम नको. पहिले काही दिवस झाकायचा असेल तर झाका. कुणी ठरवलं, का ठरवलं, कुठल्या तारखेला परत विचार करायचा, हे केसपेपरवर लिहा आणि मुलीलाही सांगा. तोवर आईलाही आकडा नाही. आईला फक्त ‘सुधारणा आहे’ किंवा ‘काळजी आहे’. तारीख आली की मुलीला विचारा, बघायचाय का. आज नको म्हणाली तर पुढच्या आठवड्याला परत विचारा.

आत्या : आणि जी कधीच हो म्हणणार नाही?

भाची : ती घरी जाणार ना एक दिवस? गल्लीच्या तोंडाशी केमिस्ट असतो, त्याच्या दाराशी काटा. जिममध्ये काटा. स्टेशनवर ते दिव्यांचं यंत्र असायचं, आठवतं ना तुला, नाणं टाकलं की तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य? आकडा तिला कुठंतरी गाठणारच. एकटीला तिथं गाठण्यापेक्षा आधी माझ्या शेजारी उभी असताना गाठू दे. त्या दिवशीचं दुपारचं जेवण मी तिच्यासोबत बसून जेवीन.

आत्या : ते जेवण मात्र महत्त्वाचं. आकडा दाखवून ड्यूटी संपली म्हणून निघून जाणारी सिस्टर असेल, तर नकोच दाखवू.

माझा कौल भाचीला आहे, आत्याच्या दोन अटींसह : भुकेनं मन ठिकाणावर नसताना घाई नको, आणि दाखवल्यानंतर बसायला माणूस नसेल तर दाखवू नये. दुसरी अट आपल्या सरकारी वॉर्डांत पाळणं अवघड आहे, कारण तिथं सिस्टरांची संख्याच अपुरी. हा प्रश्न काट्याचा नाही, पदं भरण्याचा आहे, आणि तो शुश्रूषेच्या पुस्तकातून सुटणार नाही.

वाचकांच्या घरात असं कुणी असेल तर : रोज घरी वजन करू नका, वजन एकाच ठिकाणी, एकाच माणसाला करू द्या. बारीक झालीस, भरलीस, अंगाला लागलं, यातलं काहीही बोलू नका. येणाऱ्या पाहुण्यांनाही दारातच सांगा. घेरी येत असेल, पाळी थांबली असेल, सतत थंडी वाजत असेल, जिना चढवत नसेल, तर काटा काहीही म्हणो, डॉक्टरांकडे न्या आणि नाडी, रक्त, ईसीजी बघायला सांगा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.